पुण्यातील कॅथॉलिक व इतर ख्रिस्ती पंथ : धर्माधिकाराचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राविषयी मराठीत जे इतिहासलेखन झाले आहे, त्यात ‘मिशनरी’ हा शब्द बहुधा एकाच अर्थाने योजलेला आढळतो. जोतीराव फुल्यांना शाळेत शिकविणारे मिशनरी, पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती धर्माची दीक्षा देणारे मिशनरी आणि टिळक-रानड्यांपुढे चहाचे पेले ठेवणारे मिशनरी हे सर्व जणू एकाच संस्थेचे सेवक होते, अशा समजुतीने हे लेखन चालते. वस्तुतः फुल्यांचे शिक्षक स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन पंथाचे होते. रमाबाईंची दीक्षा आणि पंचहौदचा चहा यांचा संबंध इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमधील एका विशिष्ट विचारसरणीशी होता, आणि त्या विचारसरणीकडे स्कॉटिश मिशनरी संशयानेच पाहत. शिवाय पुणे शहरातील सर्वांत जुने ख्रिस्ती प्रार्थनामंदिर या दोघांपैकी कोणाचेही नसून ते रोमन कॅथॉलिकांचे आहे, आणि त्याच्या स्थापनेशी मिशनकार्याचा फारसा संबंध नव्हता.

या भेदांचा विचार न करता त्या काळच्या घटनांचा अर्थ लावू गेल्यास तो चुकण्याचा संभव असतो. ख्रिस्ती पंथांतील मतभेद म्हणजे मूर्ती, मेणबत्त्या आणि मेरीमातेची भक्ती यांविषयीचा वाद, अशी एक ढोबळ कल्पना आपल्याकडे रूढ आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु पुण्याच्या इतिहासात जे जे प्रसंग निकराला आले, त्या प्रत्येकाच्या मुळाशी निराळाच प्रश्न असल्याचे दिसून येते. धर्माच्या बाबतीत निर्णय देण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय.

नाना पेठेतील चर्चपासून आरंभ करणे सोयीचे होईल. इ. स. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्यासरशी वसई प्रांतातील कॅथॉलिक रयत पेशव्यांची प्रजा झाली. पुढे पेशव्यांच्या लष्करात गोमंतकीय व पोर्तुगीज वंशाचे शिपाई व अधिकारी चाकरीस राहू लागले. यांच्या उपासनेची सोय व्हावी म्हणून सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये नाना पेठेत जागा दिली. पेशव्यांच्या सेवेतील दों मिगेल द नोरोन्हा या अधिकाऱ्याचे नाव या प्रकरणाशी निगडित आहे. हे चर्च मेरीच्या निष्कलंक गर्भसंभवास वाहिलेले असून आज ते ‘सिटी चर्च’ या नावाने ओळखले जाते. ब्राह्मणी राज्याच्या राजधानीत, इंग्रजी अंमलापूर्वी पंचवीस वर्षे आणि राज्यकर्त्यांनी दिलेल्या जमिनीवर हे चर्च उभे राहिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पदरी असलेल्या सैनिकांच्या देवधर्माची व्यवस्था लावणे, इतकाच पेशव्यांच्या दृष्टीने तिचा अर्थ असावा. धर्मांतराचा प्रश्न येथे उपस्थित झालेला दिसत नाही.

परंतु हे चर्च नेमके कोणाच्या सत्तेखाली, याचे उत्तर वाटते तितके सरळ नव्हते. पोपने पंधराव्या व सोळाव्या शतकांत पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील धर्मकार्याचे पालकत्व बहाल केले होते. ‘पाद्रोआदो’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या व्यवस्थेनुसार बिशपांच्या नेमणुकीसाठी नावे सुचविणे आणि चर्चांचा खर्च चालविणे हा राजाचा हक्क व कर्तव्यही होते. इ. स. १५३४ मध्ये गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला तो याच व्यवस्थेत. पुढे पोर्तुगालचे सामर्थ्य ओसरू लागले, आणि राजसत्तेच्या मध्यस्थीवाचून धर्मकार्य चालविण्याच्या हेतूने रोमने १६२२ मध्ये ‘प्रोपगंडा फिदे’ नावाचे स्वतंत्र खाते काढले. या खात्याने नेमलेल्या धर्माधिकाऱ्यास ‘व्हिकर अपोस्तोलिक’ म्हणत. तो दर्जाने बिशप असला तरी त्याची सत्ता थेट पोपच्या प्रतिनिधित्वातून आलेली असे.

या पदावर आलेला पहिला भारतीय म्हणजे गोव्यातील दिवाड बेटाचा मातेउस द कास्त्रो. हा जन्माने ब्राह्मण कुळातला होता. रोमने १६३७ मध्ये त्याला आदिलशाही मुलखासाठी नियुक्त केले, म्हणजे देशावरील मराठी भाषकांचा मोठा प्रदेश कागदोपत्री त्याच्या अधिकारात आला. गोव्यातील पोर्तुगीज धर्मसत्तेने मात्र त्याला कधीच मानले नाही. त्याच्या आयुष्याचा बराच भाग या भांडणातच गेला. एकाच पोपला मानणारे, एकच धर्ममत सांगणारे आणि एकाच लॅटिन विधीने उपासना करणारे दोन पक्ष अधिकारक्षेत्रासाठी इतके हट्टाने झगडतात, हे बाहेरच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. परंतु कॅथॉलिक मतानुसार योग्य अधिकाऱ्याने दिलेल्या परवानगीवाचून धर्मगुरूने पापक्षमेसारखे संस्कार करणे वैध होत नाही. यास्तव अधिकारक्षेत्राचा वाद हा तेथे केवळ मानापमानाचा वाद राहत नसून तो सामान्य श्रद्धावंताच्या तारणापर्यंत येऊन भिडतो.

मुंबईत १७९४ पासून दोन्ही सत्ता शेजारी शेजारी नांदू लागल्या. इ. स. १८३८ मध्ये सोळाव्या ग्रेगरी पोपने पाद्रोआदोचे क्षेत्र आकुंचित करणारे फर्मान काढले, तेव्हा गोव्याच्या पक्षाने ते मानण्याचे नाकारले आणि प्रोपगंडा पक्षाने त्यांना फुटीर ठरविले. पुणे शहरातील जुनी कॅथॉलिक मंडळी गोव्याच्या परंपरेतील होती, तर छावणीतील कॅथॉलिक सैनिकांचे आध्यात्मिक पालकत्व व्हिकर अपोस्तोलिककडे होते. मुंबईच्या व्हिकारिएटचे १८५४ मध्ये विभाजन होऊन पुण्याचा भाग जेज्वीट संघाकडे सोपविण्यात आला. पोर्तुगालशी १८८६ मध्ये नवा करार झाला आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला तेराव्या लिओ पोपने भारतात नियमित धर्मप्रांतांची रचना जाहीर केली. त्या रचनेत पुणे हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि बर्नार्ड बायडर-लिंडेन हे जर्मन जेज्वीट त्याचे पहिले बिशप झाले. दुहेरी सत्तेचे अवशेष १९२८ च्या करारापर्यंत शिल्लक राहिले होते.

इंग्रजांच्या छावणीत हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहिला. खडकीच्या लढाईनंतर, म्हणजे नोव्हेंबर १८१७ नंतर, पुण्यात मोठे गोरे सैन्य आले. त्यांच्यासाठी बांधलेल्या सेंट मेरी चर्चचे पवित्रीकरण कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२५ मध्ये केले. ही अँग्लिकन परंपरा. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने १५३४ मध्ये पोपची सत्ता झुगारून स्वतःस इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरविले, तेव्हापासून त्या चर्चचा कारभार राजसत्तेशी बांधलेला होता. हिंदुस्थानातील कलकत्त्याचे बिशपपद पार्लमेंटने संमत केलेल्या १८१३ च्या सनदेतून निर्माण झाले, आणि छावणीतील धर्मोपदेशकांना पगार कंपनी सरकार देत असे. थोडक्यात, सेंट मेरीचा पाद्री हा एका अर्थी सरकारी नोकर होता. हा संबंध १९३० मध्ये हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने विलग झाले तेव्हा सुटला.

त्याच सैन्यात आयरिश शिपायांचा मोठा भरणा होता आणि ते कॅथॉलिक होते. स्वदेशात त्यांच्या धर्मबांधवांना पार्लमेंटात बसण्याचा हक्क १८२९ पर्यंत मिळालेला नव्हता. पुण्यात त्यांच्यासाठी सेंट पॅट्रिक चर्च १८५० मध्ये उभे राहिले. आयर्लंडच्या राष्ट्रसंताचे नाव त्याला मिळाले यात आश्चर्य नाही. पुढे तेच पुणे धर्मप्रांताचे मुख्य मंदिर झाले. एकाच पलटणीतील सैनिक रविवारी दोन दिशांना प्रार्थनेस जात. त्यांपैकी एका मंदिरात राजा हा धर्माचाही शास्ता होता, तर दुसऱ्यात राजाला धर्माच्या बाबतीत काहीही अधिकार नव्हता.

येथे सिद्धांतभेदांचे थोडे विवेचन करणे अवश्य आहे. मार्टिन ल्यूथरच्या १५१७ च्या उठावानंतर युरोपात जे पंथ निघाले, त्यांनी मुख्यतः दोन मते पुढे मांडली. पहिले मत असे की, धर्मविषयक अंतिम प्रमाण केवळ पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, होय. दुसरे असे की, मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो तो केवळ श्रद्धेने, पुण्यकृत्यांच्या संचयाने नव्हे. यांस उत्तर म्हणून ट्रेंटच्या परिषदेने (१५४५–१५६३) कॅथॉलिक मत निश्चित शब्दांत बांधले. शास्त्राबरोबरच प्रेषितांपासून चालत आलेली परंपराही प्रमाण आहे, आणि या दोहोंचा अर्थ सांगण्याचा अधिकार चर्चचा आहे. संस्कार सात आहेत. मिस्साविधीत भाकर व द्राक्षारस यांचे केवळ प्रतीकात्मक नव्हे, तर तात्त्विक परिवर्तन होऊन ख्रिस्ताचे शरीर व रक्त तेथे साक्षात उपस्थित होते. प्रॉटेस्टंट पंथांनी सामान्यतः बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच संस्कार ख्रिस्तस्थापित म्हणून मानले. प्रभुभोजनाविषयी मात्र त्यांच्यात एकमत नव्हते. ल्यूथर ख्रिस्ताची खरी उपस्थिती मानी, कॅल्व्हिन ती आध्यात्मिक स्वरूपाची मानी, आणि झ्विंग्ली त्या विधीस मुख्यत्वे स्मरणविधी समजे. बायबलच्या ग्रंथसंख्येतही फरक आहे. कॅथॉलिक बायबलात ७३ ग्रंथ आहेत, तर प्रॉटेस्टंट बायबलात ६६. कारण जुन्या करारातील काही ग्रंथांना प्रॉटेस्टंटांनी मूळ हिब्रू संग्रहात नाहीत म्हणून वगळले. पोपच्या अचूकतेचा सिद्धांत १८७० च्या व्हॅटिकन परिषदेत घोषित झाला. तो पोपच्या प्रत्येक उद्गारास लागू नसून श्रद्धा व नीती यांविषयी त्याने संपूर्ण चर्चचा गुरू या नात्याने केलेल्या औपचारिक घोषणेपुरताच मर्यादित आहे. ही मर्यादा विरोधक बहुधा सांगत नाहीत, आणि कित्येक अनुयायीही ती विसरतात.

या दोन टोकांच्या मध्ये अँग्लिकन चर्चने बिशप ठेवले आणि पोप सोडला. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियनांनी १५६० नंतर बिशपही सोडण्याच्या दिशेने वाटचाल केली. त्यांच्यात सत्ता ही वडील मंडळींच्या सभांकडे असे. अमेरिकन मराठी मिशनचा मूळ पंथ काँग्रिगेशनल होता. त्याच्या मते प्रत्येक स्थानिक मंडळी ही स्वतःपुरती पूर्ण चर्च असते.

गंमत अशी की मराठी भाषेने हे सर्व भेद एका शब्दात बुजवून टाकले. ‘पाद्री’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. त्याचा मूळ अर्थ पिता, आणि तो ब्रह्मचारी कॅथॉलिक धर्मगुरूस उद्देशून होता. मराठी माणसाने तोच शब्द बायकामुलांसह बंगल्यात राहणाऱ्या स्कॉटिश उपदेशकासही लावला. ‘नाताळ’ आणि ‘क्रूस’ हेही पोर्तुगीज वळणाचेच शब्द. कडव्या प्रेस्बिटेरियन परंपरेत नाताळ हा धार्मिक सण म्हणून पाळला जात नसे, तरी त्यांच्या मराठी अनुयायांना सणाचे नाव मिळाले ते कॅथॉलिकांकडून. पंथांची स्वतःची परिभाषा मात्र फार निराळी आहे. कॅथॉलिक ‘मिस्सा’, ‘धर्मग्राम’, ‘महागुरुस्वामी’ म्हणतात, तर प्रॉटेस्टंट ‘प्रभुभोजन’, ‘मंडळी’, ‘पाळक’ म्हणतात. ‘मंडळी’ आणि ‘धर्मग्राम’ हे दोन शब्द शेजारी ठेवले तरी दोन पंथांची चर्चविषयक कल्पना स्पष्ट होते. पहिला माणसांच्या जमावाचा वाचक आहे, दुसरा वरून आखून दिलेल्या क्षेत्राचा.

भाषेच्या बाबतीत आणखी एक विसंगती नोंदविली पाहिजे. मराठीतील पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ कॅथॉलिकांचा आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीटाने रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात वैकुंठासारखे शब्द निःसंकोचपणे ख्रिस्ती अर्थाने वापरलेले आहेत. याची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने पुण्यातच १९५६ मध्ये निघाली. परंतु अशा ग्रंथाची परंपरा ज्या चर्चच्या पदरी होती, त्याच्या वेदीवर लॅटिनच चालू राहिली. शिवाय १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर बंद पाडण्याचा हुकूम काढला, तेव्हा ती ग्रंथपरंपराही खुंटली. उलट प्रॉटेस्टंटांना काव्याची घाई नव्हती, त्यांना बायबल हवे होते. श्रीरामपूरला विल्यम कॅरीने पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठी भाषांतरास हात घातला आणि नवा करार १८११ मध्ये छापून निघाला. केवळ शास्त्र हेच प्रमाण, असे ज्यांचे मत, त्यांना ते शास्त्र वाचकाच्या हाती त्याच्या भाषेत देणे भागच होते. म्हणजे मराठी गद्याच्या घडणीत मिशनऱ्यांचा वाटा सांगताना हे ध्यानात ठेवावे की, त्या वाट्यामागे परोपकाराइतकाच एक सिद्धांतही होता.

पुण्यात या सिद्धांताचे वाहक स्कॉटिश मिशनरी होते. त्यांनी १८३० नंतर येथे शाळा काढल्या. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात त्यांच्या शाळेत शिकले. याच काळात, १८४३ मध्ये, स्कॉटलंडचे चर्च दुभंगले. पाळक नेमण्याचा जमीनदारांचा हक्क मानावा की मंडळीचा कौल मानावा, हा त्या फुटीचा विषय होता. पुण्या-मुंबईचे मिशनरी फुटून निघालेल्या फ्री चर्चच्या बाजूस गेले. ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी पुढे काही काळ याच फ्री चर्चचे पुण्यातील पाळक होते. फुल्यांच्या लेखनातील पुरोहितशाहीवरील टीका आणि या पंथाचे पुरोहितविरोधी वळण यांत काही नाते आहे काय, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तो संबंध अतिशयोक्त करू नये. फुल्यांना अमेरिकन विचारवंत टॉमस पेन यांच्याकडूनही पुष्कळ मिळाले होते, आणि पेन बायबललाही प्रमाण मानीत नसे. तथापि, ज्या ख्रिस्ती धर्माशी फुल्यांचा लहानपणी परिचय झाला त्यात पुरोहिताला वेदीवर यज्ञ करणाऱ्या मध्यस्थाचे स्थान नव्हते, इतके निश्चित म्हणता येईल.

आता पंचहौद मिशन. इंग्लंडमध्ये १८३३ पासून ऑक्सफर्ड येथे अशी एक चळवळ सुरू झाली होती की, अँग्लिकन चर्च हे मूळ अखिल ख्रिस्ती चर्चचीच शाखा असून त्याचे बिशप प्रेषितांचे अखंड परंपरेने आलेले वारस आहेत. या चळवळीतील जॉन हेन्री न्यूमन १८४५ मध्ये रोमन कॅथॉलिक झाले. जे मागे राहिले त्यांनी अँग्लिकन चर्चमध्येच पापनिवेदन, वेदीवरील यज्ञाची कल्पना आणि संन्यस्त संघ यांचे पुनरुज्जीवन केले. ऑक्सफर्डजवळील काउली येथे १८६६ मध्ये स्थापन झालेला सेंट जॉनचा संघ आणि वाँटेज येथील भगिनींचा संघ हे त्याचेच फळ. हे दोन्ही संघ १८७० नंतरच्या दशकात पुण्यात आले. गुरुवार पेठेतील त्यांचे होली नेम चर्च १८८५ मध्ये उभे राहिले. संन्यासी, ब्रह्मचर्य, धूप, वेदी यांमुळे पुण्यातील सामान्य हिंदूस हे चर्च आणि नाना पेठेतील चर्च यांत काही फरक दिसण्याचे कारण नव्हते. नीलकंठशास्त्री गोरे यांची कथा या दृष्टीने मोठी बोधक आहे. काशीतील हा चित्पावन पंडित १८४८ मध्ये एका सुधारणावादी अँग्लिकन मिशनच्या द्वारे ख्रिस्ती झाला, आणि शास्त्रप्रामाण्याच्या शोधात हळूहळू काउलीच्या संघाकडे सरकत गेला. शब्दप्रामाण्य आणि आचार्यपरंपरा यांत वाढलेल्या शास्त्र्यास परंपरेवाचून केवळ ग्रंथ अपुरा वाटला असावा.

याच मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशी यांनी योजलेल्या व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आला. पुढे हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध झाली, आणि टिळक-रानड्यांसह अनेकांवर ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनीही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. हा वाद सर्वस्वी रोटीव्यवहाराचा होता. चहा कोणत्या पंथाच्या माणसाने दिला, याची कोणी चौकशी केली नाही. पण केली असती तर एक मजेची गोष्ट आढळली असती. ज्यांच्या हातचा चहा घेतल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागले, ते यजमान स्वतः पापनिवेदन आणि धर्मगुरूने सांगितलेले प्रायश्चित्त या दोहोंचे कट्टर पुरस्कर्ते होते. प्रायश्चित्ताची कल्पनाच ज्यांना मान्य नव्हती ते प्रेस्बिटेरियन त्याच शहरात राहत होते. पाप झाले की ते कोणापुढे तरी मान्य करून, अधिकारी पुरुषाने ठरविलेली कृती करून शुद्ध व्हावे, या मुद्द्यावर पंचहौदचे फादर आणि पुण्याचे शास्त्री परस्परांच्या जितके जवळ होते तितके पंचहौदचे फादर आणि स्कॉटिश मिशनरी नव्हते.

रमाबाईंच्या बाबतीत हा अधिकाराचा प्रश्न उघड झाला. गोरे यांच्या विचारांचा प्रभाव पडून आणि वाँटेज भगिनींच्या सहवासात त्यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो दीर्घ पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला आहे. चेल्टनहॅम येथे रमाबाईंनी मुलग्यांना शिकवावे की नाही, याविषयी हिंदुस्थानातील बिशपांनी प्रतिकूल मत दिले, तेव्हा त्यांनी त्या मतास आपल्यावर बंधनकारक मानण्याचे नाकारले. आपण ख्रिस्ताच्या चर्चच्या सभासद आहोत, परंतु धर्मगुरूंच्या वा बिशपांच्या प्रत्येक शब्दास बांधलेल्या नाही. हिंदुस्थानातील पुरोहितांचे जोखड नुकतेच मोठ्या कष्टाने काढून टाकले असता दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. क्रूसावरील लॅटिन अक्षरांविषयीही त्यांची हरकत होती. जी भाषा त्यांना किंवा त्यांच्या भगिनींना कळत नाही तिच्याऐवजी संस्कृत का नसावी, असा त्यांचा प्रश्न होता. सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. त्यांच्या दृष्टीने आज्ञाधारकता हाच श्रद्धेचा पाया होता, आणि तो दृष्टिकोन समजून घेतल्याशिवाय त्यांची निर्भर्त्सना करणे इतिहासकारास शोभणार नाही. परंतु रमाबाईंनी घेतलेली दिशा बदलली नाही. शारदा सदन, पुढे केडगावची मुक्ती, १९०५ मधील तेथील आध्यात्मिक जागृती आणि अखेर मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले, त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले बायबलचे भाषांतर हे सर्व त्यांनी कोणत्याही बिशपच्या छत्राबाहेर केले. त्या भाषांतरात त्यांनी हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेले संस्कृत शब्द शक्यतो टाळले. स्टीफन्सच्या वैकुंठापासून हे अंतर तीन शतकांचे आहे आणि पंथांचेही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची वाट वेगळी, पण मुक्काम फारसा दूर नाही. ते १८९५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत ख्रिस्ती झाले. त्या परंपरेत बिशप नव्हताच. तरी परदेशी मिशनचा पगार आणि व्यवस्था हीच एक सत्ता असते, हे ओळखून त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्वांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. कॅथॉलिक चर्चमध्ये असा प्रयोग संभवतच नव्हता. तेथे बाप्तिस्म्याबाहेरच्या मनुष्यास चर्चचा सभासद मानता येत नाही. या काळात जेज्वीटांचे कार्य अहमदनगर जिल्ह्यात वाढत होते. तेथून हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक काढले. अमेरिकन मिशनचा ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून चालू होता, त्याला कॅथॉलिकांकडून साठ वर्षांनी मिळालेले हे उत्तर. डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. त्यानंतर १९४९ मध्ये अँड्रयू डिसोझा यांच्या रूपाने पुण्यास पहिला भारतीय बिशप मिळाला.

पंचहौदचे फादर स्वतःस कॅथॉलिकच म्हणवीत, अर्थात रोमन नव्हे. रोमने या दाव्याचा निकाल १८९६ मध्ये लावला. तेराव्या लिओ पोपने अँग्लिकन पंथातील धर्मगुरुदीक्षा सर्वस्वी निरर्थक व शून्यवत असल्याचे जाहीर केले. सोळाव्या शतकात दीक्षाविधीचे शब्द बदलताना यज्ञकर्त्या पुरोहिताची कल्पनाच त्यातून काढून टाकण्यात आली, सबब परंपरा तुटली, असा त्याचा युक्तिवाद होता. याचा पुण्यापुरता अर्थ असा की, नाना पेठेत वेदीवर होणारा विधी रोमच्या दृष्टीने ख्रिस्ताची साक्षात उपस्थिती घडविणारा होता. चालत जाण्याइतक्या अंतरावर असलेल्या गुरुवार पेठेत जवळजवळ त्याच हावभावांनी होणारा विधी मात्र तसा नव्हता. विधी एक, वेदी एक, पण अधिकार वेगळा. अधिकाराचा प्रश्न हा विधींच्या मागे कसा उभा असतो याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

स्वातंत्र्योत्तर काळात पुणे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे एक मोठे केंद्र झाले. तेराव्या लिओने कँडी येथे काढलेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यास हलविण्यात आली. प्रॉटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळहून १९८३ मध्ये येथे आली. दरम्यान दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२–१९६५) होऊन मिस्सा लोकभाषेत करण्यास मुभा मिळाली, आणि स्टीफन्सच्या ओव्यांनंतर साडेतीनशे वर्षांनी मराठी कॅथॉलिक वेदीवर पोहोचली. इतर पंथांना ‘विलग झालेले बंधू’ म्हणण्याची रीत याच परिषदेने १९६४ च्या ठरावाने रूढ केली. पुण्याचे बिशप झालेले थॉमस डाबरे यांनी पुणे विद्यापीठात तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ‘सुबोध बायबल’कार फादर फ्रान्सिस दिब्रिटो या कॅथॉलिक धर्मगुरूंकडे आले. भाषेचा जुना अडसर अशा रीतीने दूर झाला. अधिकाराचा झाला नाही.

प्रॉटेस्टंटांच्या बाजूने तो सोडविण्याचा मोठा प्रयत्न नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाला. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेचे संयुक्त चर्च, ब्रिटिश मेथडिस्ट, बॅप्टिस्ट इत्यादी पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ निर्माण झाले. त्यात बिशपपद राहिले, पण ते घटनेने मर्यादित झाले. बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा दोन्ही चालतील असे ठरले. एकीकरणाच्या वेळी सर्व पाळकांवर परस्परांनी हात ठेवले, आणि आधीची दीक्षा कोणाची खरी होती हा प्रश्न जाणूनबुजून अनुत्तरित ठेवण्यात आला. सेंट मेरीतील सरकारी पाद्री, स्कॉटिश पाळक आणि पंचहौदचे संन्यासी यांचे वारस अशा रीतीने एका चर्चमध्ये आले, आणि होली नेम हे त्या चर्चच्या पुणे धर्मप्रांताचे मुख्य मंदिर झाले.

रोमने हा तोडगा स्वीकारलेला नाही. श्रद्धेने नीतिमान ठरण्याच्या ज्या प्रश्नावर ल्यूथरने बंड केले, त्यावर कॅथॉलिक व ल्यूथरपंथीय यांचे संयुक्त निवेदन ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे निघाले आणि २००६ मध्ये मेथडिस्टांनीही त्यास संमती दिली. म्हणजे सोळाव्या शतकातील मुख्य सिद्धांतवाद पुष्कळ अंशी निवळला आहे. दीक्षेविषयीचा १८९६ चा निर्णय मात्र कायम आहे. पाण्याने व पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा कॅथॉलिक चर्च इतर पंथांचाही वैध मानते. त्यामुळे होली नेमचा एखादा सभासद उद्या नाना पेठेतील चर्चमध्ये सामील होऊ इच्छील तर त्याचा पुन्हा बाप्तिस्मा होणार नाही. परंतु त्याच होली नेमच्या पाळकाने ती वाट धरली, तर वेदीपाशी उभे राहण्यापूर्वी त्याला दीक्षा नव्याने घ्यावी लागेल.